नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या मनोगतांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी काही वक्ता नाही. राज्य सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करणारा माणूस आहे. बेळगावात डिप्लोमा केला, तोही कमर्शिअल प्रॅक्टिसचा. म्हणजे टायपिंग, लघुलेखन आणि हिशोब. तेव्हा माझ्याकडून मोठ्या विचारांची अपेक्षा ठेवू नका. मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितलं, "तुझ्या टेबलावर रोज लोकांची नावं दुरुस्त होत असतात, त्यावरच बोल." म्हणून विषय घेतलाय, मुलाचं नाव. त्यातही मुलाला जगावेगळं नाव ठेवावं की नाही, हा.

आपल्या मराठीची गंमत बघा. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा. मध्ये फक्त एका अनुस्वाराचा फरक. वेगळं नाव ठेवायला गेलं की हा अनुस्वार कधी डोक्यावर येऊन बसेल, सांगता येत नाही.

आधी माझ्याच नावापासून सुरुवात करतो. तुम्ही सगळे मला डी. आर. म्हणून ओळखता. कार्यालयात तेच, गल्लीत तेच. आपल्या कर्नाटकात आद्याक्षरं लावायची पद्धत आहे, ती मला फार सोयीची पडली. डिप्लोमाला पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं पूर्ण नाव पुकारलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. त्या दिवसापासून मी डी. आर. झालो. मित्रांनी विचारलं तर 'दिलीप' म्हणून सांगायचो. आज तुमच्यासमोर सांगतो, माझं नाव धोंडिराम. घरात धोंडू.

हसा, हसा. आता मला त्याचं काही वाटत नाही. पण पंचवीस वर्षं वाटत होतं.

२०१४ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी आम्हाला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको बेळगावला होती. मी मनाशी ठरवलेलं, माझ्या वाट्याला आलं ते पोराच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. त्याचं नाव असं ठेवायचं की वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल, आणि ऐकणारा म्हणेल, "वा!" मेहुण्यानं पुण्याहून यादी पाठवली. त्यातल्या निम्म्या नावांच्या शेवटी 'अंश' आणि उरलेल्या निम्म्यांच्या शेवटी 'आन'. कशाचा अंश, ते कुणाला माहीत नाही. बायको म्हणाली, "अहो, नाव ऐकायला गोड आहे, पण उद्या पोरानं अर्थ विचारला तर काय सांगू? इंटरनेटवर होतं, असं?"

त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्या दिवशी राज्यातल्या बारा शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. त्यामागच्या वादात मी शिरत नाही; मी सरकारी नोकर आहे आणि आजचा प्रसंगही तो नव्हे. पण आमच्या कार्यालयात शिक्के, फलक, पत्रांचे मथळे सगळं बदलायला घेतलं होतं. एका नावापायी किती माणसांचं किती काम वाढतं, आणि नाव म्हटलं की माणूस किती हळवा होतो, हे मी तेव्हा टेबलावर बसून बघत होतो. आणि घरी माझं पोर बिननावाचं पाळण्यात होतं.

बारशाच्या आदल्या रात्री आई निपाणीहून आली. तिनं उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. पोराकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "आई, नाव चांगलं ठेवू या. माझ्यासारखं नको." ती गप्प झाली. मग जे तिनं चौतीस वर्षं सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

माझ्या आधी तिची दोन मुलं गेली. एक मुलगी अकरा दिवसांची. बारसंसुद्धा झालं नव्हतं. नंतर एक मुलगा, आठ महिन्यांचा. त्याचं नाव मोठ्या हौसेनं राजाराम ठेवलं होतं. मी झालो तेव्हा माझ्या आजीनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि मूठभर जोंधळ्याला आजीला परत विकलं. आणि नाव ठेवलं धोंडू. म्हणजे सटवाईला वाटावं, हे कुणाचं लाडकं पोर नव्हे, हा आपला वाटेवरचा दगड. दगडाला कोण नेतंय?

आई म्हणाली, "तुला ते नाव आवडत नाही हे मला ठावं हाय रं. पर त्या नावानं तू ऱ्हायलास, असंच मला वाटतं."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या नावाची मी लाज धरली, ते एका घाबरलेल्या आईनं घातलेलं कवच होतं.

पुढं मी जरा शोध घेतला. ही रीत एकट्या आमच्या घराची नव्हे. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा ही सगळी त्याच भीतीतून आलेली नावं. ज्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, ते महर्षी कर्वे धोंडो केशवच होते. आणि फक्त मराठीतच नाही. आपल्या भागात घरोघरी एखादा कल्लाप्पा असतो. कन्नडमध्ये 'कल्लू' म्हणजे दगड. तिप्पाण्णा असतो. 'तिप्पे' म्हणजे उकिरडा. भाषा दोन, पण पोर जगावं म्हणून आईनं केलेली युक्ती एकच. मराठी घरात कल्लाप्पा आणि शेजारच्या कन्नड घरात धोंडिबा, असं आपल्याकडं सहज सापडतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तर दुसऱ्या दिवशीचं सांगतो. सासरच्या गल्लीत संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "उपल ठेवा. उपल म्हणजे दगड. आणि रत्नालाही उपल म्हणतात." बायकोला नाव आवडलं. तीनच अक्षरं, जोडाक्षर नाही. माझ्या बहिणीनं आत्या म्हणून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव घेतलं. आईला काही उमगेना. "उपल म्हंजे काय रं?" मी म्हटलं, "दगड." आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "मंग धोंडूच की ह्यो!" हसता हसता रडली.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण मी सरकारी माणूस. मला माहीत हवं होतं की नाव पाळण्यात ठेवलं तरी ते कागदावर टिकवावं लागतं. जन्मदाखला हातात आला, त्यावर होतं 'उत्पल'. उत्पल म्हणजे कमळ. नोंद करणाऱ्याला वाटलं, आम्हीच चुकलो. त्यानं आपल्या परीनं सुधारून दिलं. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, चार हेलपाटे. दुसऱ्याच्या अर्जांवर शेरे मारणारा मी, स्वतः रांगेत उभा राहिलो.

आपल्या सीमाभागात नावाला तीन लिप्यांतून जावं लागतं: देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी. प्रत्येक वळणावर ते थोडं घासतं. माझ्या टेबलावरचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ज्ञानदेव. मराठी शाळेचा मास्तर इंग्रजीत डीएनवाय लिहितो, कारण आपण 'द्न्य' म्हणतो. कन्नड पद्धतीनं जेएन होतं. हिंदीच्या वळणाचा कुणी जीवाय लिहितो. शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक समोर ठेवलं की एका माणसाची तीन माणसं झालेली असतात, आणि पेन्शन घ्यायला मात्र एकटाच म्हातारा आलेला असतो. तसंच 'त'चं. आपण साधा टी लिहितो, इकडं टीएच लिहायची पद्धत. आणि शेवटच्या अक्षराचं. आपण उपल म्हणताना 'ल' अर्धा सोडतो. कन्नडमध्ये ते अक्षर पूर्ण उच्चारतात. त्यामुळं शाळेत आमचा उपल 'उपला' झाला.

आणि इथंच खरी परीक्षा झाली. पोरगा चौथीत असताना एक दिवस दप्तर फेकून रडत बसला. "पप्पा, माझं नाव बदला." वर्गातल्या एका हिंदी बोलणाऱ्या मुलानं सगळ्यांना सांगितलं होतं की उपला म्हणजे शेणी. आपण जिला शेणी किंवा गोवरी म्हणतो, तिला हिंदीत खरंच उपला म्हणतात! संस्कृत बघितलं, मराठी बघितलं, कन्नडची चौकशी केली, हिंदीचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वेगळं नाव ठेवायला निघालो आणि पोराला नावं ठेवून घेतली.

मला माझा मागचा बाक आठवला. दुसऱ्या दिवशी राजपत्रातून नाव बदलायची चौकशीही केली. पण त्या संध्याकाळी आईनं त्याला जवळ घेतलं आणि माझ्या नावाची गोष्ट सांगितली. अकरा दिवसांची आत्या, आठ महिन्यांचा काका, सूप, उकिरडा, मूठभर जोंधळे, सगळं. पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "शेणी तर शेणी. आमची चूल शेणीवरच पेटायची. त्याच चुलीवर तुझा बाप मोठा झाला."

पोरानं मला विचारलं, "पप्पा, तुम्हाला खरंच विकलं होतं?" मी म्हटलं, "हो." "किती जोंधळ्याला?" "मूठभर." पुढच्या आठवड्यात त्यानं ही गोष्ट वर्गात सांगितली. त्यानंतर चिडवणं अगदीच थांबलं असं नाही, पण नाव बदलायचं त्यानं परत काढलं नाही. आणि मीही लाजायचं बंद केलं. जी गोष्ट दहा वर्षांचं पोर उघडपणे सांगतं, ती बापानं आद्याक्षरात लपवून कसं चालेल?

आपल्या जिल्ह्यातलंच एक थोर उदाहरण देतो. १९२४ साली सुळेभावीला एका कानडी घरात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच त्याचं गाणं ऐकून त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं गेलं, आणि जगानं तेच नाव धरलं. पण त्यांचे चिरंजीव गातात ते मुकुल शिवपुत्र या नावानं, आणि कन्या कलापिनी कोमकळी. वडिलांचं जगप्रसिद्ध नाव असताना मुलांनी आजोबांच्या घरातली नावं जपली. पदवी कितीही मोठी असली, तरी मूळ नावाचा धागा माणूस सोडत नाही.

आता कार्यालयीन माणूस म्हणून नव्या आईबापांना चार गोष्टी सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. पण नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलेलं नाव बदलणं फार कटकटीचं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा राहणार आहे. म्हणून दाखला हातात पडताच खिडकीजवळ उभं राहूनच अक्षर न् अक्षर वाचा.

नाव ठरवताना ते तिन्ही लिप्यांत लिहून बघा. कन्नड शेजाऱ्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. हिंदीत त्याचा काही भलताच अर्थ नाही ना, ते विचारा. माझ्यासारखं फसू नका. आणि इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवून दहावीच्या एसएसएलसीच्या गुणपत्रिकेपर्यंत तेच ठेवा.

आणि शेवटची गोष्ट कुठल्याच नियमात नाही. नाव वेगळं ठेवा, जुनं ठेवा, पण त्याबरोबर पोराला सांगण्यासारखी एक गोष्ट द्या. नावाला हसणारे भेटणारच. तेव्हा पोराच्या हातात काहीतरी उत्तर असलं पाहिजे.

आपण ज्याच्या मांडवात बसलोय, त्याच्याकडं बघा. लंबोदर म्हणजे मोठ्या पोटाचा. वक्रतुंड म्हणजे वाकड्या सोंडेचा. एकदंत म्हणजे एकाच दाताचा. माणसानं ज्या गोष्टींना नावं ठेवली असती, त्यांचीच या देवानं नावं करून घेतली, आणि आपण ती रोज हात जोडून म्हणतो.

म्हणून कार्यवाहांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या वर्गणीच्या पावतीवर डी. आर. लिहू नका. धोंडिराम लिहा, पूर्ण.

गणपती बाप्पा मोरया!