एक अंगण, दोन हजेरीपट



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कित्येक गावांत शाळा आणि अंगणवाडी जवळजवळ असतात. गावचे मूल एकच. परंतु शाळा शिक्षण विभागाची, तर अंगणवाडी १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची. हजेरीपट निराळे, वरिष्ठ निराळे. एकाला वेतन, तर दुसरीला मानधन.

पहिलीतील मूल अक्षर ओळखेना, की गुरुजी अंगणवाडीकडे बोट दाखवितात. आहार, वजन व लसीकरणाच्या नोंदींतून सवड कोठे, असे सेविका विचारते. यांत दुष्ट कोणीच नसतो. मनुष्य आपल्या हुद्द्याशी एकरूप होतो आणि मग हुद्द्याचा मान राखणे हेच काम होऊन बसते.

१९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे मुझफर शेरीफ यांनी मुलांच्या शिबिरात दोन गट केले. चढाओढ लागताच वैर आले. एकत्र भोजनाने ते शमले नाही. बंद पडलेले पाणी दोन्ही गटांनी मिळून चालू करणे, अशा कामांनीच ते हळूहळू निवळले.

तात्पर्य, सणासमारंभाला शेजारी बसणे पुरेसे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणून जूनपूर्वी शिक्षकाने सेविकेसमवेत बसून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे बोलणे, ऐकणे, प्रकृती व घरची बोली यांची एकच नोंद करावी. त्यासाठी अंगणवाडीचा उंबरठा प्रथम शिक्षकाने ओलांडावा. त्यात कमीपणा नाही. मूल तर तो उंबरठा रोज ओलांडीत आले आहे.