हाकेमागे येणारे मेंढरू

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कारेगावच्या माणसाला मेंढरे नवी नाहीत. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, नगर रस्त्यावरची अखंड वाहतूक, आणि त्याच रस्त्याच्या कडेने खांद्यावर घोंगडी टाकून चाललेला धनगर व त्याचा कळप. मोटारी कर्णे वाजवीत जातात. मेंढरे क्षणभर बिचकतात, पण मेंढक्याचा आवाज कानी पडताच पुन्हा एकमेकांना खेटून चालू लागतात. आपण मात्र कुणाची अक्कल काढायची झाली की त्याला 'मेंढरू' म्हणतो!

खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, तेव्हा तिन्हीसांजेला मुद्दाम जाऊन पाहा. दिवसभर तळावर ठेवलेली कोकरे सोडली की एकच कालवा होतो. पण थोड्याच वेळात प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला लागलेले असते. व्याल्यानंतर काही तासांतच मेंढी पिलाचा वास ओळखू लागते. परके पोर आले तर ढुशी देऊन हाकलते.

शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी 2001 साली दाखवून दिले की मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात. पुढे 2017 मध्ये केंब्रिज विद्यापीठात आठ मेंढ्यांना आधी अनोळखी, प्रसिद्ध माणसांचे फोटो ओळखायला शिकवले. त्यांत बराक ओबामाही होते. नंतर त्यांच्यापुढे रोजच्या राखणदाराचा फोटो ठेवला. त्याचा फोटो पूर्वी कधी दाखवलेला नसताना, दहापैकी सुमारे सात वेळा त्यांनी तोच निवडला. आमच्या धनगराने हे न शिकताच सांगितले असते.

आता तुमच्या-आमच्या घरचे सांगतो. बकरी ईदसाठी पुष्कळ घरांत मेंढा काही महिने आधी आणून बांधतात. पहिले दोन-चार दिवस तो खात नाही, रात्रभर ओरडतो. हा हट्ट नव्हे, भीती आहे. मेंढरू कळपात जगणारे; एकटे पडले की त्याला जिवाचे भय वाटते. अशा वेळी ओढाताण करू नका. त्याच्या मागून अचानक जाऊ नका; समोर, थोडे बाजूला, खाली बसा. रोज एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच आवाजात हाक मारून चारा द्यावा. हळूहळू ते हातातला पाला खाऊ लागते, मान खाजवून घेते. दुसरा कळप नाही, म्हणून तुम्हालाच कळप मानते.

येथे मुलांना दोन गोष्टी बजावतो. लाडाने एकदम ज्वारी, भात, भाकरी फार खाऊ घालू नका; पोट बिघडून जनावर दगावते. आणि त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलाढकली खेळू नका. माणसाची भीड चेपलेला मेंढा पुढे खेळ म्हणूनच टक्कर देतो, आणि ती पोराच्या बरगडीला भारी पडते. कळपातला बुजरा एडका त्यामानाने बरा!

पण खरा प्रश्न पुढेच आहे, आणि मुले तो विचारतात: "आपल्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्याला आपणच नेऊन उभे करायचे?" पालकहो, या प्रश्नावर मुलाला रागावू नका. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकाच्या देखत दुसऱ्याची कुर्बानी करू नये, त्याला फरफटत नेऊ नये, ही शिकवण आपल्याला आहे. घाईगर्दीत आपण तिच्याकडे किती लक्ष देतो?

मी लहान असताना चाकणच्या बाजारातून आणलेले एक कोकरू आमच्याकडे वर्षभर होते. अब्बा कामावरून आले की सायकलच्या घंटीनेच ते दाव्याला ताण देऊन उभे राहायचे. ईदच्या दिवशी दोघे जण त्याला न्यायला आले. एकाने दावे धरले, दुसऱ्याने मागून रेटले. त्याने पाय रोवले ते हलेचना. अब्बांनी दोघांना बाजूला केले, दावे सोडून टाकले आणि नेहमीची हाक मारून ते पुढे चालू लागले. ते मागोमाग गेले. त्या दिवशी अब्बा दुपारी जेवले नाहीत. पुढच्या वर्षीपासून ते ईदच्या दोन दिवस आधी मेंढा आणू लागले.

मी एकदा त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "त्याने एकदा तरी मागे वळून पाहायला हवे होते रे."