जिल्हा परिषद : तिची रचना आणि आपली वस्ती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा लेखी मसुदा)



जिल्हा परिषद या विषयावर बोला, अशी आज्ञा आम्हांला झाली आहे. विषय रुक्ष आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन पानांत संपणारा आणि परीक्षा झाली की विसरला जाणारा. म्हणून आम्ही एका प्रसंगापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीतील मंडळींनी गटारीसाठी आणि रस्त्यासाठी अर्ज केला. अर्ज तालुक्याच्या एका कचेरीत दिला. तिथून तो जिल्ह्याच्या दुसऱ्या कचेरीत गेला. दीड वर्षाने उत्तर आले की हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दोन पावसाळे चिखलात गेले. दोष कोणाचा, याची चर्चा आम्ही करणार नाही. पण अर्ज कोठे द्यायचा हे वस्तीत एकालाही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा आम्हांलाही नव्हते.

विहीर, शाळा, रस्ता आणि दवाखाना यांवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. पण अंमलबजावणी करायची होती नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी, आणि तिथेच घोडे अडले. म्हणून १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा उभे राहून सांगावे लागले की जी मंडळे हा ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान थांबवा. पुढे १९३२ मध्ये ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी, अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीला विरोध केला. आजची जिल्हा परिषद ही त्याच लोकल बोर्डाच्या जागी आलेली संस्था होय, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपण तेव्हा धुळ्याचे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर अक्राणीच्या माणसाला चांदसैलीचा घाट उतरून, तळोदा-शहादे मागे टाकून धुळ्याला जावे लागे. एका सहीसाठी दोन दिवस मोडत. जिल्हा जवळ आला, ही लहान गोष्ट नव्हे.

आता रचना. कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेत किमान ५० आणि जास्तीत जास्त ७५ निवडून आलेले सदस्य असतात. २०२० मध्ये आपल्याकडे ५६ गटांतून निवडणूक झाली, आणि सहा तालुक्यांच्या पंचायत समित्यांसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ गण होते. पंचायत समित्यांचे सभापतीही जिल्हा परिषदेचे सदस्य असतात. मुदत पाच वर्षांची, अध्यक्षपदाची अडीच वर्षांची. सर्वसाधारण सभेच्या खाली स्थायी समिती, आणि वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, समाजकल्याण, जलव्यवस्थापन अशा समित्या. समाजकल्याणचे सभापतिपद मागासवर्गीय सदस्याकडेच द्यावे लागते. प्रशासनाचे प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याला गटविकास अधिकारी, आणि गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. जिल्हाधिकारी या साखळीत नाहीत. महसूल वेगळा आणि विकास वेगळा. आमची वरची मंडळी चुकली ती नेमकी इथे.

दुसरा घोटाळा समाजकल्याणाचा. या नावाच्या दोन कचेऱ्या आहेत. एक राज्य शासनाचे सहायक आयुक्त, त्यांच्याकडे शासकीय वसतिगृहे आणि दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती. दुसरे जिल्हा परिषदेचे जिल्हा समाजकल्याण अधिकारी, त्यांच्याकडे अनुदानित वसतिगृहे, दहावीपर्यंतच्या शिष्यवृत्त्या, त्यांत मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, आणि आपल्या वस्त्यांच्या विकासाची योजना. विद्यार्थ्यांनी हे लिहून घ्यावे. तसेच गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, पण शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, तिचा प्रकल्प अधिकारी नंदुरबारला किंवा तळोद्याला. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचे. नर्मदाकाठच्या पाड्यांवर लस पोहोचली का, हा प्रश्न आरोग्य समितीत विचारायचा असतो.

हा जिल्हा आदिवासींचा आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक, आणि अनुसूचित जातींचे तीनच्या आसपास. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, सरपंचपद आदिवासींचे आहे, आणि ते न्याय्यच आहे. ज्यांची जमीन धरणाखाली गेली त्यांच्याशी आपण जागांचा हिशेब मांडू नये. पण गणित समजून घ्यावे. अनुसूचित जातींचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणात असते. ५६ जागांत ते एक-दोन जागांवर येऊन थांबते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले, म्हणून त्या जागेवर आपला हक्क सांगता येतो. आरक्षणाची एकूण मर्यादा ५० टक्के, असे सांगून ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या ज्यादा जागा रद्द केल्या. आपल्या जिल्हा परिषदेतील ११ गटांत ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणूक घ्यावी लागली. या निकालावर मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. पण ५६ मध्ये एक-दोन माणसे असली, तर वस्तीचा प्रश्न मतांच्या जोरावर सुटणार नाही, एवढे त्यातून कळते. तो कागदाच्या जोरावर सोडवावा लागेल.

कागद कोणता? एक, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, सायकल अशा वस्तू त्यातून मिळतात. आपल्या परिषदेचा बहुतेक पैसा शासनाच्या अनुदानाचा, स्वतःचे उत्पन्न मुख्यतः उपकर, भाडे यांसारखे, तेव्हा ही रक्कम फार मोठी नसते हे मान्य. पण ती किती होती आणि किती खर्च झाली, हे विचारायला माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दोन, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, जिला आपण अजून दलित वस्ती सुधार म्हणतो. रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर यांसाठी वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधी ठरतो, आणि त्यासाठी पाच वर्षांचा बृहत् आराखडा होतो. त्या आराखड्यात वस्तीचे नाव नसेल, किंवा माणसे कमी दाखवली असतील, तर अर्ज कितीही सुंदर लिहिलेला असो, निधी येत नाही. नाव ग्रामपंचायतीच्या मार्फत जाते, म्हणून ग्रामसभेला हजर राहणे आले. आपल्या बायका ग्रामसभेला मागे बसतात आणि पुरुष चहा पिऊन परततात, हे आम्ही पाहिले आहे.

२०२० मध्ये निवडून आलेल्या मंडळाची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. राज्यघटनेच्या २४३-ई कलमाप्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. प्रशासक चांगला असो वा वाईट, त्याच्या काळात समाजकल्याण समिती नसते, तिचा सभापती नसतो, आणि सर्वसाधारण सभेत उभे राहून २० टक्क्यांचा हिशेब मागणारा सदस्यही नसतो. अशा वेळी तो हिशेब आपणच मागितला पाहिजे.

आमची ती वस्ती? अर्ज नंतर गटविकास अधिकाऱ्यांकडे दिला, समाजकल्याण विस्तार अधिकाऱ्यांना भेटलो. तेव्हा कळले की यादीत वस्ती होती, पण लोकसंख्या निम्मी लिहिलेली. मग शाळेत शिकणाऱ्या दोन मुलींनी घरोघर जाऊन नावे लिहिली. तो कागद ग्रामसभेत वाचला गेला, ठराव झाला, दुरुस्ती झाली. रस्ता झाला आहे. गटार अर्धी आहे; उरलेल्या अर्ध्याचा अर्ज आता त्या मुलीच लिहितात.