मास्क कोणी बसवायचा? : स्लीप टेक्नॉलॉजिस्टांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण



 रात्रपाळी उरकून थेट मिरजेत उतरलेल्यांपैकी सकाळच्या सत्रात कोणाचा डोळा लागलाच, तर स्वागत समिती त्याची दखल घेणार नाही. झोपलेल्या माणसाची नोंद करणारे सगळे आज श्रोत्यांत बसले आहेत.

मिरज हे पेशंटांचं गाव. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं वैद्यकीय काम उभं केलं आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला तो १९१२ मध्ये. म्हणजे या गावात शिकवणं आधी सुरू झालं आणि सरकारी रजिस्टर पंधरा वर्षांनी उघडलं. वैद्यकातल्या बहुतेक पेशांचा क्रम असाच राहिला आहे. आधी काम सुरू होतं, मग कोणीतरी ते शिकवू लागतं, मग परीक्षा येते, मग रजिस्टर. आणि रजिस्टर आलं की त्यात नाव कोणाचं, यावरून भांडण. मिरजेची दुसरी ओळख सतार-तंबोऱ्याची. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी वाद्यांत हात घातला, पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं आणि ‘मिरजेची सतार’ व ‘मिरजेचा तानपुरा’ या नावांना भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ मध्ये. कसब जुनं आणि कागद नवा, ही स्थिती इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

ज्यांच्यासाठी ही परिषद भरली आहे, त्यांच्या कामाबद्दल गावातल्या पाहुण्यांना थोडं सांगायला हवं. संध्याकाळी पेशंट लॅबमध्ये येतो. तंत्रज्ञ टेपनं त्याचं डोकं मोजतो, खुणा करतो, त्वचा घासून इलेक्ट्रोड चिकटवतो. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांवरही इलेक्ट्रोड लागतात. छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. मग रात्रभर पडद्याकडे पाहत बसायचं. आठ तासांच्या नोंदीचे तीस-तीस सेकंदांचे ९६० तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला झोपेची अवस्था द्यावी लागते. कागदावर नोंद होत होती तेव्हा कागद सेकंदाला १० मिलिमीटर या वेगानं सरकायचा; एका रात्रीत पाव किलोमीटरहून जास्त लांबीचा कागद पुढ्यात पडायचा. १९६८ मध्ये रेक्टशाफेन आणि केल्स यांचं मॅन्युअल आलं, तेव्हापासून या तुकड्यांना एकसारखे नियम मिळाले. २००७ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं नवं मॅन्युअल काढलं.

या कामाची गोम अशी की डोक्याकडून पाहिलं तर ही मेंदूच्या लाटा नोंदवणाऱ्या ईईजीवाल्यांची तपासणी आहे आणि नाकाकडून पाहिलं तर श्वसनोपचारवाल्यांची. स्लीप टेक्नॉलॉजिस्ट हा पेशा या दोघांच्या बांधावर उगवला. बांधावरच्या झाडाचं जे होतं, तेच त्याचं झालं.

अमेरिकेत हा वाद सर्वांत आधी आणि सर्वांत कडवटपणे झाला, म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे. १९७८ मध्ये तिथं पॉलिसोम्नोग्राफीच्या, म्हणजे झोपेच्या या रात्रभराच्या नोंदीच्या, तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली. १९७९ मध्ये पहिली परीक्षा झाली आणि तिच्यातून ‘आरपीएसजीटी’ हे बिरुद निघालं. त्या वेळी लॅबमधला माणूस फक्त नोंद करत असे. पेशंटचा झोपेत श्वास अडकतो हे दिसायचं, पण त्यावर घशाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया सोडली तर हाताशी फारसं काही नव्हतं. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सततचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवता येतो हे दाखवून दिलं. सीपॅप आला आणि लॅबमधल्या माणसाचं काम बदलून गेलं. आता तो रात्री दोन वाजता उठून पेशंटला मास्क बसवू लागला, दाब एकेक पायरीनं वाढवू लागला, गरज पडली तर डॉक्टरांच्या आदेशानुसार ऑक्सिजन जोडू लागला. नोंदणाऱ्याचा हात उपचाराला लागला. परीक्षा मात्र मशीनच्या आधी जन्मलेली होती.

श्वसनोपचारतज्ज्ञांना हे खटकलं, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. त्यांच्यामागे कॉलेजचं शिक्षण होतं, राज्यांचे परवाने होते, अतिदक्षता विभागातला अनुभव होता. फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या पेशंटला झोपेत ऑक्सिजन वाढवला आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला, तर ते ओळखणार कोण? त्यांच्या परवान्यात ऑक्सिजन आणि हवेचा दाब ही कामं नावानिशी लिहिलेली होती. स्लीप टेक्नॉलॉजिस्टकडे होतं ते एका खासगी मंडळाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र असलेल्याला काम येतं एवढंच त्यातून कळतं. परवाना नसलेल्याला ते काम करताच येत नाही. मग ज्या कामाला परवाना लागतो ते काम ही मंडळी बिनपरवाना करतात, असा आक्षेप आला.

स्लीपवाल्यांचं उत्तरही तितकंच सरळ होतं. दाब वाढवायचा की थांबायचं, हे नुसत्या श्वासावरून ठरत नाही. पेशंट गाढ झोपेत आहे की स्वप्नझोपेत, पाठीवर आहे की कुशीवर, अधूनमधून जागा होतोय तो श्वासामुळे की पायांच्या झटक्यांमुळे, हे सगळं पाहून ते ठरतं. समोरची लाट झोपेची आहे की अपस्माराची, हे ज्याला वाचता येत नाही, त्यानं दाबाचं बटण हातात घेऊन काय करायचं?

दोन्ही बाजू खऱ्या असल्यानं निकाल लागेना. मग स्लीपवाल्यांनी राज्य विधिमंडळांचं दार ठोठावलं. न्यू जर्सीत २००५ मध्ये पॉलिसोम्नोग्राफीचा स्वतंत्र कायदा झाला, न्यू मेक्सिकोत २००८ मध्ये. कॅलिफोर्नियाचं उदाहरण बोलकं आहे. तिथं २००९ च्या कायद्यानं स्लीप टेक्नॉलॉजिस्टांची नोंदणी श्वसनोपचार मंडळाकडे न देता डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाकडे दिली. टेक्नॉलॉजिस्ट, टेक्निशियन आणि शिकाऊ अशा तीन पायऱ्या ठरवल्या. जुन्या कामगारांना परीक्षेऐवजी पाच वर्षांच्या कामाचा पुरावा चालेल असं म्हटलं, पण ही सवलत तीन वर्षांपुरतीच ठेवली. दार उघडं ठेवलं आणि ते कधी बंद होईल तेही त्याच कागदावर लिहिलं.

राज्यांत परवान्याचा वाद चालू असतानाच परीक्षांची संख्या वाढत गेली. २००८ मध्ये नॅशनल बोर्ड फॉर रेस्पिरेटरी केअरनं श्वसनोपचारतज्ज्ञांसाठी झोपविकारांची खास परीक्षा सुरू केली. ती द्यायला आधी श्वसनोपचाराचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे नाकाकडूनही आत यायला दार झालं. तिसरं दार डॉक्टरांच्या बाजूनं उघडलं. अमेरिकन बोर्ड ऑफ स्लीप मेडिसिन हे मंडळ पूर्वी डॉक्टरांची परीक्षा घेत असे. २००७ पासून ती परीक्षा वैद्यकातल्या मुख्य विशेषज्ञ मंडळांकडे गेली आणि २०११ मध्ये याच मंडळानं तंत्रज्ञांसाठी ‘आरएसटी’ ही नवी परीक्षा आणली. तीस वर्षं चाललेली एक परीक्षा असताना त्याच कामासाठी दुसरी कशाला, हा प्रश्न तंत्रज्ञांना पडला, आणि लॅबच्या मालकाला पडला तो वेगळाच: नोकरीच्या जाहिरातीत यातलं कोणतं बिरुद लिहायचं?

एवढं होईपर्यंत तपासणीचं ठिकाणच हललं होतं. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेनं घरी केलेल्या तपासणीच्या आधारे सीपॅपचा खर्च द्यायचं मान्य केलं. घरी नेण्याच्या बहुतेक यंत्रांत डोक्याचे इलेक्ट्रोड नसतात. ज्या लाटा वाचण्याच्या जोरावर हा पेशा उभा राहिला, त्या लाटाच अनेक पेशंटांच्या तपासणीतून गेल्या. बिरुदांवरून भांडणाऱ्या तिन्ही पक्षांना न विचारता विम्यानं हा निर्णय घेतला.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं, पण २०२१ पासून ते शक्य राहिलेलं नाही. त्या वर्षी संसदेनं ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’चा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ‘स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट’ हे शब्द आले आहेत. कुठे आले आहेत, ते पाहावं. ईईजी, ईएमजी आणि न्यूरो लॅबच्या तंत्रज्ञांच्या ओळीत. ‘रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट’ची नोंद वेगळी आहे. म्हणजे भारतीय कायद्यानं स्लीप तंत्रज्ञाला डोक्याच्या बाजूला बसवलं, आणि मास्क मात्र नाकावरच राहिला. अमेरिकेतल्या भांडणाचं बी आपल्या अनुसूचीतही पडलेलं आहे. ते अजून उगवलेलं नाही, इतकंच.

याच कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली पदविका किंवा पदवी लागते. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी ही अट ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची आहे. या सभागृहात कोणी ईईजीच्या खोलीतून स्लीप लॅबमध्ये आलं, कोणी नर्सिंगमधून, कोणी श्वसन विभागातून, कोणी यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून मशीन शिकलं. अनेकांनी इंडियन सोसायटी फॉर स्लीप रिसर्चची परीक्षा दिली, काहींनी डॉलरमध्ये फी भरून आरपीएसजीटी केलं. त्यांचे तास कोण मोजणार आणि कशानं मोजणार, यावर या परिषदेनं बोललंच पाहिजे.

कामाची गरज तर दिसतेच आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना झोपेतला श्वसनविकार आणि दिवसाची पेंग असं दोन्ही आढळलं. हा आकडा एकट्या मुंबईला लावून पाहिला तरी तंत्रज्ञ किती लागतील याचा अंदाज येतो.

आणि आपसांत ठरवलं नाही, तर काय होतं? त्याचं उदाहरण शेजारच्याच लॅबमध्ये आहे. पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर सही कोणाची, हा वाद डीएमएलटी पदविका झालेले तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यात वर्षानुवर्षं चालला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका प्रकरणात तो संपवला: सही पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. झोपेच्या अहवालाबाबत स्वागत समितीची भूमिका स्पष्ट आहे. निदान डॉक्टरांचं, सही डॉक्टरांची. पण ९६० तुकडे वाचणारा आणि दोन वाजता मास्क बसवणारा माणूस कोण असावा, हे न्यायालयानं ठरवण्याआधी या पेशानं स्वतः ठरवावं.

त्यासाठी समिती परिषदेपुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली, कामांची यादी. इलेक्ट्रोड लावणं, तुकड्यांचं स्कोअरिंग, दाब वाढवणं, ऑक्सिजन जोडणं यांतलं काय कोणी, कोणाच्या आदेशानं आणि कोणत्या प्रशिक्षणानंतर करायचं, हे न्यूरो आणि रेस्पिरेटरी तंत्रज्ञांनी एका टेबलाशी बसून लिहावं. रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्टांचे प्रतिनिधी आज इथं पाहुणे म्हणून आले आहेत. त्यांचं विशेष स्वागत, आणि त्यांनी पाहुण्यांसारखं गप्प बसू नये, ही विनंती. दुसरी, जुन्या कामगारांची नोंदणी. ती रुग्णालयाच्या लेटरहेडवरच्या ‘इतकी वर्षं काम केलं’ या एका ओळीवर होऊ नये. लॉगबुक आणि प्रात्यक्षिक परीक्षेवर व्हावी, तिला मुदत असावी आणि परीक्षा मराठीत देता यावी. तिसरी, परीक्षक. शिकवणारा, नोकरी देणारा आणि यंत्र विकणारा, यांपैकी कोणाच्याही हातात परीक्षा नसावी. अमेरिकेत सुरुवातीची परीक्षा तंत्रज्ञांच्या संघटनेच्या पोटातच होती. पुढे परीक्षा मंडळ संघटनेपासून वेगळं करावं लागलं. आपण सुरुवातच तिथून करावी.

या तिन्ही मुद्द्यांचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडला जाईल आणि संमत झाला तर २०२१ च्या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे पाठवला जाईल. मसुदा आज दुपारपासून स्वागत कक्षात ठेवलेला असेल. ज्यांना तो पटत नाही, त्यांनी जेवणाच्या रांगेत कुरकुरण्याऐवजी हरकत लिहून, खाली सही करून, आज रात्री आठच्या आत द्यावी. सर्व हरकती ठरावाबरोबर वाचल्या जातील. निवास, भोजन आणि परतीच्या प्रवासात काही उणीव राहिली तर समितीच्या स्वयंसेवकांना हक्कानं सांगावं.