दाराबाहेरचे वाचक

(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस एवढंच आम्हाला माहीत आहे. नेमकं काय करतेस ते सांग, पण डोक्यावरून जाईल असं बोलू नकोस." अट रास्त आहे. माझ्या घरीही अजून एवढीच माहिती आहे.

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत जे संशोधन होतं, त्याचे शोधनिबंध, प्रबंध आणि त्यांच्यामागची आकडेवारी एका ठिकाणी जपून ठेवायची आणि जगात कुणालाही ती सापडेल, वाचता येईल अशी सोय करायची, यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. या सोयीला रिपॉझिटरी म्हणतात. मराठीत संस्थात्मक भांडार म्हणूया. धान्याच्या कोठारासारखंच हे. फरक एवढाच, की याचं दार शक्यतो उघडं ठेवायचं असतं.

आज हाच विषय घेतला, कारण या सभागृहात बसलेले बहुतेक जण त्या दाराच्या बाहेर उभे आहेत. आपल्यात डॉक्टर आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. आपापल्या कामासाठी एखादा शोधनिबंध शोधायला गेलात, की पहिले चार-सहा ओळींचे सारांश दिसतात आणि पुढे पाटी येते : पूर्ण लेख हवा असेल तर तीस-चाळीस डॉलर भरा. तीन हजार रुपये भरायचे, आणि लेख कामाचा निघेल की नाही हे भरल्यावर कळणार.

हे पैसे कुणाला जातात ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक संशोधनाचा खर्च सरकार करतं, म्हणजे आपण करतो. निबंध संशोधक लिहितो. त्याबद्दल जर्नल त्याला मानधन देत नाही. तो तपासतात दुसरे संशोधक, तेही बहुधा फुकट. प्रकाशक संपादनाची व्यवस्था बघतो, मांडणी करतो, छापतो किंवा वेबसाइटवर टाकतो. या कामाला खर्च येतो, नाही असं नाही. पण त्या बदल्यात लेखाचे हक्क बहुतेक वेळा प्रकाशकाकडे जातात, आणि ज्या संस्थेत संशोधन झालं तिच्याच ग्रंथालयाला तो लेख वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. ज्यांना वर्गणी परवडत नाही ते बाहेर.

बाहेर राहणाऱ्यांना संशोधनाची काय गरज, असं कुणाला वाटेल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणं नोंदवली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यांचं काम 'लॅन्सेट'सारख्या जर्नलमध्ये छापलं गेलं. संशोधन मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतच होतं असं नाही. आज एखाद्या वाडीवरच्या तरुण डॉक्टरला विंचूदंशावर जगात काय लिहिलं गेलंय ते वाचायचं असेल, तर ते त्याला त्याच रात्री मिळायला हवं. रुग्ण समोर असतो.

सरकारने यावर एक मोठं पाऊल उचललं आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, आणि सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं व केंद्राच्या संशोधन संस्था मिळून सुमारे ६,३०० ठिकाणी ती वाचायची सोय. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आता आयआयटीतल्या मुलासारखीच जर्नल्स मिळू शकतात. चांगलंच झालं. पण आपली शाळा त्या यादीत बसत नाही. स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर बसत नाही, शेतकरी बसत नाही. शिवाय ही वर्गणी आहे. भरणं थांबलं की वाचणं थांबलं.

दार कायमचं उघडं ठेवायच्या पद्धतीला ओपन ॲक्सेस, म्हणजे खुला प्रवेश, म्हणतात. त्याचे मुख्य रस्ते दोन. पहिल्यात जर्नलच सगळ्यांना मोफत असतं. काही जर्नल्सचा खर्च संस्था उचलतात. पण पुष्कळ ठिकाणी तो लेखकाकडून घेतात, आणि रक्कम ऐकली तर घेरी येईल : 'नेचर'ने २०२०मध्ये एका लेखाला ९,५०० युरो असा दर जाहीर केला होता. म्हणजे वाचणाऱ्याऐवजी लिहिणारा दाराबाहेर.

दुसरा रस्ता भांडाराचा, आणि तो जवळजवळ फुकट आहे. लेख जर्नलने स्वीकारला, की लेखकाने आपल्याजवळची अंतिम प्रत, म्हणजे प्रकाशकाने सजवण्याआधीची, संस्थेच्या भांडारात ठेवायची. पुष्कळ प्रकाशकांची याला परवानगी असते. काही जण सहा महिने किंवा वर्षभर थांबायला सांगतात. भौतिकशास्त्रज्ञांनी ही वाट आधी पाडली. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथे 'अर्काइव्ह' सुरू केलं, आणि आज त्या क्षेत्रात लेख छापून यायच्या आधीच तिथे वाचायची रीत आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२मध्ये स्वतःचं भांडार सुरू केलं. त्याच वर्षी एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी 'डीस्पेस' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. माझं पोट त्यावरच चालतं.

आता कुणी विचारेल, लेख आपल्या वेबसाइटवर टाकला तर काय बिघडलं? वेबसाइट मरते. माणूस निवृत्त होतो, विभागाचा सर्व्हर बदलतो आणि पत्ता चुकतो. भांडारात प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता मिळतो. आतलं यंत्र बदललं तरी तो बदलत नाही. प्रत्येक फाइलचा एक गणिती ठसा काढून ठेवतात. फाइलीतलं एक अक्षर जरी खराब झालं तरी ठसा जुळत नाही, आणि आम्ही दुसरीकडची शाबूत प्रत आणून बसवतो. लेखक, साल, विषय, भाषा ही माहिती ठरलेल्या साच्यात भरलेली असते, त्यामुळे जगभरची शोधयंत्रं ती आपणहून उचलून नेतात.

लेखाइतकीच त्यामागची आकडेवारी, म्हणजे डेटा, महत्त्वाची. २०१०मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की देशाची वाढ कोलमडते, असा त्याचा सूर होता. खर्चात कपात करा म्हणणारे राजकारणी तो हवाला देऊ लागले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी तेच गणित करून बघितलं. जुळेना. त्याने लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली. फाइलीत सरासरीचं सूत्र पाच देश सोडून चालवलेलं होतं. ते आणि निवडीच्या इतर काही गोष्टी दुरुस्त केल्यावर त्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर आली. हे २०१३ साल. मधली तीन वर्षं त्या आकड्याच्या आधाराने लोकांच्या पोटापाण्याचे वाद चालले होते. फाइल पहिल्या दिवसापासून भांडारात असती, तर कुठलाही विद्यार्थी ती पहिल्याच वर्षी तपासू शकला असता.

मागितल्यावर डेटा मिळतोच असं समजू नका. २०१४मध्ये छापलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वनस्पती आणि प्राण्यांच्या मोजमापांवरचे ५१६ जुने निबंध घेतले आणि लेखकांकडे मूळ डेटा मागितला. निबंध जितका जुना तितका डेटा हाती लागणं कठीण; दर वर्षाला ती शक्यता १७ टक्क्यांनी घटत होती. कुणी लपवला असेल असं नाही. फ्लॉपी वाचणारं यंत्र उरलं नाही, नाहीतर डेटा कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यात गेला.

सगळाच डेटा उघडा करायचा नसतो, हेही सांगते. रुग्णांची नावं, गावकऱ्यांच्या खाजगी मुलाखती, दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा, हे झाकूनच ठेवायचं. भांडारात तीही सोय असते : माहिती आत सुरक्षित, आणि बाहेर फक्त एवढी नोंद की ती अस्तित्वात आहे आणि कुणाकडे मागायची. आणि "उघडं ठेवलं तर चोरतील" ही भीती मी सगळ्यांत जास्त ऐकते. उलट, तारखेसकट नोंदलेलं उघडं काम चोरणं अवघड, कारण चोरी पकडणं सोपं होतं. कपाटातला प्रबंध कुणी उतरवून काढला तर कोण ओळखणार?

आपल्या जवळची दोन भांडारं सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमानंतर पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार, आणि त्यात मराठी प्रबंधही आहेत. दुसरं पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचं. तिथली जुनी दुर्मिळ पुस्तकं आणि अहवाल घरबसल्या वाचता येतात.

पण मराठीची एक खास अडचण आहे, आणि ती माझ्या रोजच्या कामातली आहे. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला प्रबंध डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. 'दुष्काळ' शोधा, सापडणार नाही, जरी पानापानावर दुष्काळच असला तरी. त्यात शीर्षक रोमन लिपीत कुणी एक स्पेलिंग वापरून लिहितं, कुणी दुसरं. काम जपलं जातं, पण हरवल्यासारखंच. मराठीत संशोधन करणाऱ्यांनी फाइल युनिकोडमध्ये ठेवली आणि शीर्षक, सारांश देवनागरीत भरला, तर अर्धी लढाई जिंकली.

आता काही मागणं. कामापुरतं वाचणाऱ्यांनी तीस डॉलर भरण्याआधी गूगल स्कॉलरवर त्या लेखाच्या सगळ्या आवृत्त्या बघा. भांडारातली मोफत प्रत तिथे पुष्कळदा असते. 'अनपेवॉल' नावाचं मोफत साधन ब्राउझरला जोडलंत तर ते स्वतःच अशी प्रत शोधतं. नाहीच मिळाली तर लेखकाला सरळ ईमेल करा. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा त्यांना आनंदच होतो.

संशोधन करणाऱ्यांनी, आणि ज्यांची मुलं पीएचडी करतायत त्यांनी, लेख स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात अंतिम प्रत ग्रंथपालांकडे द्यावी. वर्षाने ती फाइल कुठे आहे हे तुम्हालाच आठवणार नाही. सर आणि बाईंपैकी ज्यांनी २००९पूर्वी एमफिल, पीएचडी केली, त्यांचे प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आणि घरी एकेका प्रतीवर तगून आहेत. ते स्कॅन करून विद्यापीठाच्या परवानगीने भांडारात टाकायचं काम मी बिनमोबदला करीन.

आणि शेवटचं, आपल्या सगळ्यांचं. भूगोलाच्या सरांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ज्याची पाळी असेल त्याने मोजून नोंदवहीत मिलिमीटर लिहायचे. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांनीही लिहिले. त्या वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. मुख्याध्यापकांनी मला काल दाखवल्या. काही पानांना वाळवी लागली आहे. एका गावाच्या पावसाची, मुलांच्या हाताने लिहिलेली, इतक्या वर्षांची सलग नोंद : पाणलोटावर काम करणाऱ्याला, पीकविम्याचा हिशोब मांडणाऱ्याला तिची किंमत विचारा. शाळेला स्वतःचं भांडार नको. स्वित्झर्लंडच्या 'सर्न' या संस्थेचं 'झेनोडो' २०१३पासून कुणालाही मोफत डेटा ठेवू देतं, कायमच्या पत्त्यासह.

मुख्याध्यापकांची परवानगी आहे. पानांचे फोटो काढायला चार जण आणि आकडे टाइप करायला दहा जण लागतील. प्रत्येक वही दोघांनी वेगवेगळी टाइप करायची, म्हणजे चुका सापडतील. मापकाची जागा मधे कधी बदलली असेल तर तेही लिहायचं. ते सरांनाच विचारावं लागेल. नोंद करणारे म्हणून मुलांची नावं टाकायची नाहीत, शाळेचं आणि सरांची संमती असेल तर त्यांचं टाकायचं. जेवणानंतर मी मागच्या खोलीत पहिली वही आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.