कारंजं बसवायचंय? आधी एवढं ऐका

मी देहूरोडचा. जुन्या मुंबई-पुणे हायवेने लोणावळ्याकडे जाताना आतल्या रस्त्यांना जे बंगले आणि फार्महाऊस लागतात, त्यांच्या अंगणात तळी आणि कारंजी बसवणं हे माझं काम. लोक रील पाठवतात आणि म्हणतात, "दादा, सेम असंच पाहिजे." तर आज रीलमध्ये जे दिसत नाही, त्याबद्दल बोलू.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करू. तिथलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. पेशव्यांच्या काळात ना वीज होती, ना मोटर. कात्रजच्या तलावातून पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून उतारावरून पुण्यात यायचं आणि त्या उंचीच्या दाबावर कारंजं उडायचं. म्हणजे कारंजं हा सगळा उंचीचा खेळ आहे. आता ती उंची आपण पंपाकडून घेतो, एवढाच फरक.

म्हणून पंप घेताना खोक्यावरचं 'हेड' वाचा. 'हेड 2 मीटर' याचा अर्थ पाणी 2 मीटर उडेल असा नाही. त्या उंचीवर पंप पाणी द्यायचं थांबतो, असा आहे. पाणी 1 मीटर चढवायचं असेल तर निदान 2 मीटरच्या वरचा पंप घ्या. आणि फवाऱ्यापासून काठ जितका लांब, त्यापेक्षा फवारा उंच नको. मावळातला वारा तुम्हाला माहीतच आहे. निम्मं पाणी शेजारच्यांच्या गाडीवर जाईल.

आता माप. समजा तळं 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आहे. गुणाकार केला की दीड घनमीटर, म्हणजे 1500 लिटर. मासे ठेवणार असाल तर तासाभरात साधारण एवढं पाणी फिल्टरमधून फिरायला हवं. आणि 1500 लिटर म्हणजे दीड टन वजन, त्यामुळे इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर तळं नाही म्हणजे नाही. फ्लॅटमध्ये राहता? मग रांजणातलं कारंजं करा. 18 वॉटचा पंप रोज 8 तास चालवला तरी महिन्याला साडेचार युनिटच्या आतच वीज लागते.

तळं गळू नये म्हणून सिमेंटच पाहिजे असं काही नाही. शेततळ्याला जो 500 मायक्रॉनचा कागद वापरतात, तो छान चालतो. खाली वाळूचा थर द्या, मुरमातले टोकदार खडे वेचून टाका. सिमेंटचंच केलंत तर लगेच मासे सोडू नका. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि मासे मरतात. पाणी भरायचं, चार-पाच दिवस ठेवायचं, काढून टाकायचं, असं तीन-चार वेळा करा.

उन्हाळ्यात फोन येतो, "दादा, तळं गळतंय." गळतंय की वाळतंय ते आधी बघा. एक बादली भरून तळ्यातच ठेवा, आत-बाहेर पाण्याची खूण करा आणि कारंजं बंद ठेवा. दोन दिवसांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ऊन पितंय. तळ्याचं जास्त उतरलं तर गळतंय. पावसाळ्यात उलटी गंमत. काठ जमिनीपेक्षा चार बोटं उंच हवा आणि वर एक ओव्हरफ्लोचा पाइप हवा, नाहीतर अंगणातला सगळा चिखल आत.

आता जरा गंभीर गोष्टी.

पहिली, डेंग्यू. त्याच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. वाहत्या पाण्यात तो वाढत नाही, पण वीकेंडच्या बंगल्यात सोमवार ते शुक्रवार कारंजं बंदच असतं! टायमर लावा. छोटं भांडं असेल तर आठवड्यातून एकदा रिकामं करून कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. मोठ्या तळ्यात गप्पी मासे अळ्या खातात. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ते ओढ्यात कधीच सोडू नका.

दुसरी, जलपर्णी. जांभळी फुलं गोड दिसतात म्हणून लोक आणतात. दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते, मग कंटाळून नाल्यात फेकतात. नाला जातो कुठे? पवनेत नाहीतर इंद्रायणीत. उन्हाळ्यात पुलावरून हिरवंगार मैदान दिसतं ना, ते हेच. नदीत जातं त्या सांडपाण्यावर ती पोसते हे खरं, पण आपण भर कशाला घालायची? त्यापेक्षा कुमुद लावा, ऊन असेल तर कमळ लावा. फक्त फवाऱ्यापासून लांब, त्यांना अंगावर पाणी उडालेलं आवडत नाही.

तिसरी, वीज. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो नसेल तर मी पंपाला हातच लावत नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. नवीन काम असेल तर 12 व्होल्टचाच पंप घ्या.

आणि चौथी, लहान मुलं. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं पोर चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. म्हणून घरात असं मूल असेल तर मी पाण्याच्या दोन इंच खाली लोखंडी जाळी टाकतो, वर गोटे पसरतो. कारंजं गोट्यांतून उडतं, दिसायलाही भारी. काही जण म्हणतात, "जाळीने लुक जातो." दोन कामं माझी यावरून गेली. त्यातल्या एका बंगल्यात सव्वा वर्षाचा नातू होता. त्याच्या आजोबांना मी एवढंच म्हणालो, "काका, तो पाच वर्षांचा झाला की बोलवा, जाळीशिवाय करून देतो." त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. पैसे गेले, चालतंय. पण त्या आठवड्यात झोप मात्र शांत लागली.

तर अंगणात पाणी आणा. खंड्या येईल, पावसाळ्यात बेडूक येतील, संध्याकाळी नुसतं बसावंसं वाटेल. फक्त आणण्याआधी घरातलं सगळ्यात लहान माणूस कोण, ते बघा आणि मग खणायला घ्या. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!