गॅस खाली बसतो



मी भाईंदर पूर्वेला गोडदेवमध्ये राहतो. तीस वर्षं घरोघरी गॅसच्या जोडण्या केल्या, शेगड्या दुरुस्त केल्या, नळ्या बदलल्या. आता निवृत्त आहे. तरी गोडदेव नाक्यावर भाजी घेताना कुणी ना कुणी थांबवतंच, आणि गेली दोन-तीन वर्षं प्रश्न एकच असतो : "काका, गॅसवरचं ग्रिल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" दीप अमावास्या जवळ आली की दहा जण विचारतात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वीस जण.

ग्रिल म्हटलं की आमच्याकडे आधी खिडकीची लोखंडी जाळी डोळ्यांसमोर येते. मी बोलतोय ते बार्बेक्यूच्या ग्रिलबद्दल. खाली बर्नर, वर जाळी, त्यावर झाकण, आणि बाजूला गॅसचा बाटला. कोळशाचा धूर नाही, फुंकणं नाही, राख नाही. वस्तू चांगली आहे, मला आवडते. पण 'कुठलं घेऊ' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, 'ठेवणार कुठे?' दहातले सात जण सांगतात, "बाल्कनीत."

नाही. बाल्कनीत नाही.

बाल्कनी म्हणजे आपली कशी बाल्कनी? मीरा-भाईंदरची महानगरपालिका 2002 साली झाली. त्याच्या आगेमागे आमच्या गोडदेवात अंगणं गेली आणि इमारती आल्या. या इमारतींतली बहुतेक बाल्कनी आता तिन्ही बाजूंनी बंद असते. सरकत्या काचा, बाहेरून लोखंडी पेटी, आत कपड्यांची दोरी, कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं. तिला बाल्कनी म्हणायची ती सवयीने. ती एक छोटी खोली आहे, आणि तुम्ही त्या खोलीत गॅस सोडणार.

आता नीट ऐका. बाटल्यातला गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. अगरबत्तीचा धूर वर जातो, कुकरची वाफ वर जाते, म्हणून आपल्याला वाटतं की गॅसही वर जाऊन खिडकीतून निघून जाईल. तो जात नाही. तो खाली बसतो. पाण्यासारखा लादीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो, उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत उतरतो. बाटल्यात तो द्रवरूप असतो, आणि एक लिटर द्रवाचा जवळजवळ अडीचशे लिटर गॅस होतो. हवेत शंभरात दोन भाग मिसळला की ठिणगीला पेट घेतो. आठ फूट लांब, चार फूट रुंद बाल्कनी भरायला साडेतीनशे-चारशे ग्रॅम गॅस पुरतो. तो खालीच साचत असल्यामुळे जमिनीलगत पेट घ्यायला त्याहूनही कमी लागतो. आणि ठिणगी कुठून येईल? आतल्या खोलीतला फ्रिज आपोआप चालू-बंद होतो, तेवढी ठिणगी बास होते.

काही जण म्हणतात, "मग गच्चीवर ठेवतो, गच्ची उघडीच असते." वरून उघडी असते, खालून नाही. गच्चीला चारी बाजूंनी छातीएवढा कठडा असतो. जड गॅसच्या दृष्टीने गच्ची म्हणजे परात. वारा पडला की गॅस कठड्याच्या पायाशी साचतो, पावसाच्या पाण्याच्या पन्हाळीत उतरतो, नाहीतर जिन्याच्या दारातून पायऱ्या उतरत खाली येतो. म्हणून गच्चीवर मांडायचं असेल तर कोपरा नको, जिन्याचं दार नको, लिफ्टच्या खोलीची भिंत नको, पाण्याच्या टाकीखालची सावलीची जागा तर मुळीच नको. मधोमध मांडा, जिथे वारा फिरतो. सोसायटीची परवानगी घ्या. आणि ज्यांचं घर अजून गावठाणात आहे, दारात अंगण आहे, त्यांनी अंगणातच मांडा. त्यासारखी जागा नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतो? एका डिसेंबरात आमच्याच शेजारच्या इमारतीतला एक मुलगा धावत माझ्याकडे आला. नवं ग्रिल, गच्चीवर मांडलेलं, पाहुणे जमलेले. त्याने झाकण बंद ठेवूनच नॉब फिरवला आणि पेटवायचं बटण दाबलं. टक. पेटलं नाही. पुन्हा टक. पाच-सहा वेळा दाबलं. तेवढा वेळ गॅस झाकणाखाली, बर्नरच्या पेटीत साचत होता. सातव्या वेळी साचलेल्या गॅसने पेट घेतला. झाकण उडालं. त्याच्या भुवया गेल्या, पापण्या गेल्या, उजव्या हातावरचे केस कोपरापर्यंत जळाले. त्या जळक्या केसांचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. थंड पाण्याची धार धरली, डॉक्टरकडे नेलं. डोळे वाचले. रस्त्यात तो मला विचारतो, "काका, बटण खराब होतं का?" अरे बाळा, बटण चांगलं होतं म्हणूनच हे झालं! झाकण उघडं ठेवायला काय पैसे पडत होते?

तर, झाकण उघडं. पेटवताना झाकण नेहमी, नेहमी उघडं. एका बर्नरचा नॉब फिरवायचा आणि लगेच ठिणगी. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून, झाकण उघडंच ठेवून, पाच मिनिटं थांबायचं. पुरी पाच मिनिटं, घड्याळ लावून. आणि पेटवताना तोंड ग्रिलवर आणून वाकून बघायचं नाही.

आता खरेदीचं. चौघा-पाचांच्या घराला दोन किंवा तीन बर्नर पुष्कळ झाले. एकच बर्नर घेऊ नका, कारण एका बाजूला आच आणि दुसरी बाजू थंड, ही सोय त्यात मिळत नाही. जाळी बिडाची असेल तर उत्तम. आपला बिडाचा तवा धरतो तशी ती आच धरून ठेवते. पत्रा बघताना खिशात लोहचुंबक न्या. चिकटलं तर तो बहुधा हलक्या प्रतीच्या स्टीलचा, आणि आमच्या खाडीच्या खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. पाय हलवून बघा. चाकांना खीळ आहे का, ते बघा. रंग, दिवे, बाजूचे कप्पे यांत पैसे घालू नका.

परदेशाहून भावाने पाठवलेलं ग्रिल असेल तर जपून. अमेरिकेतल्या ग्रिलचा रेग्युलेटर तिथल्या बाटल्याच्या आटे असलेल्या तोंडासाठी केलेला असतो. आपल्या बाटल्याला दाबून बसणारा, चापाचा रेग्युलेटर लागतो. मग कुणीतरी बाजारातून पितळी जोड आणतो, दोऱ्याचे वेढे देतो, वर साबण थापतो. हे कृपा करून करू नका. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने बाहेर येतो. आपलं ग्रिल त्याच दाबाचं आहे का, हे त्याच्या पट्टीवर वाचा. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर तर हातातसुद्धा घेऊ नका.

दुसरा नेहमीचा प्रश्न पाइपच्या गॅसचा. आमच्याकडे पुष्कळ इमारतींत महानगर गॅसचा पाइप आला आहे. "त्यालाच जोडू का?" नाही. तो गॅस वेगळा, हवेपेक्षा हलका, त्याचा दाब 21 मिलिबार आणि त्याच्या बर्नरचं जेट मोठ्या भोकाचं. बाटल्याच्या गॅसचं ग्रिल त्यावर मिणमिण जळेल. उलट पाइपच्या गॅससाठी केलेलं ग्रिल बाटल्याला जोडलं तर हातभर ज्वाळा उठेल. आणि त्या पाइपला स्वतःच्या हाताने फाटा काढायची परवानगी कुणालाही नाही.

बाटला कुठला? घरातला 14.2 किलोचा बाटला जिन्यावरून गडगडवत गच्चीवर नेऊ नका. 5 किलोचा छोटा बाटला मिळतो, ओळखपत्र दाखवलं की पुरतं. इंडियन ऑइलने त्याचं नावच 'छोटू' ठेवलं आहे. तीन बर्नर पूर्ण आचेवर ठेवले तर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे 5 किलोत सहा-सात तास निघतात. एक संध्याकाळ सोडा, दोन-तीन संध्याकाळी होतात. घेताना बाटल्याच्या कड्याखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात ते वाचा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि आकडे वर्षाचे. त्या मुदतीला बाटल्याची चाचणी व्हायची असते. मुदत उलटली असेल तर परत करा. बाटला उभा ठेवायचा. आडवा कधीही नाही.

नळी आयएसआय शिक्क्याचीच घ्या, ती नारिंगी सुरक्षा होज. लांबी दीड मीटरपर्यंत, त्याहून जास्त नको. तारीख बघा, पाच वर्षांनी बदला. ती बर्नरच्या पेटीखालून न्यायची नाही, तिला पीळ पडू द्यायचा नाही.

आणि जोडणी झाली की गळती बघायची. ही गोष्ट मी हाताला धरून शिकवतो. वाटीत कपडे धुण्याचा साबण पाण्यात कालवा, चांगला फेस येईपर्यंत. ग्रिलचे सगळे नॉब बंद. रेग्युलेटर चालू. जुन्या दाढीच्या ब्रशने तो फेस रेग्युलेटरच्या तोंडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नॉबच्या मागच्या सांध्यांना लावा. मग हात मागे घ्या आणि बघत बसा. घाई नको. गळती मोठी असेल तर बुडबुडा लगेच फुगतो. बारीक असेल तर अर्ध्या मिनिटाने मोहरीएवढे तीन-चार बुडबुडे एकाशेजारी एक उगवतात, फुटतात, पुन्हा उगवतात. ते दिसले की रेग्युलेटर बंद. बाटल्याच्या तोंडातलं काळं रबरी कडं चिरलेलं असेल तर बाटला एजन्सीला परत. सांधा असेल तर मेकॅनिक बोलवा. काडी पेटवून गळती शोधणारे शूरवीर मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि तीस वर्षांत मी कुणावर हात उगारला असेल तर त्यांच्यावरच. उगारलाच फक्त. पण काडी हातातून हिसकावून घेतली.

पहिल्या दिवशी रिकामं ग्रिल वीस मिनिटं मोठ्या आचेवर चालवा. कारखान्याचं तेल जळून जाईल. मग जाळीला तेलाचा हात, तवा मुरवतो तसा.

आता पुन्हा बाल्कनी. काल एका ताईंनी फोनवर विचारलं, "काचा उघड्या ठेवल्या तर?" ताई, काचा कमरेच्या वर आहेत. गॅस तुमच्या घोट्याशी आहे. काचा उघडल्याने खाली साचलेला गॅस पुरता जात नाही. आणि गळती अजिबात नाही असं धरून चाललो, तरी बंद जागेत जळणारं ग्रिल कार्बन मोनॉक्साइड सोडतं. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस आडवा होतो. पावसात तर लोक काचा लावूनच बसतात. पाऊस आला तर आच बंद करा, ग्रिल थंड होऊ द्या आणि अर्धवट भाजलेलं घरात तव्यावर टाका. चव थोडी कमी होईल, तेवढंच. ग्रिल उचलून आत आणू नका. ताई, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यासाठीच सांगतोय. रागावलो होतो, पण काळजीने.

भाजण्याचं शिकवायला मी आचारी नाही, पण एवढं सांगतो. उत्तनचा ताजा बांगडा जाळीला चिकटतो, कारण जाळी पुरती तापायच्या आधीच तो टाकतात. दहा मिनिटं तापवा, माशाला तेल लावा आणि सुटेपर्यंत हलवू नका. मसाला जळू द्यायचा नसेल तर मासा पेटत्या बर्नरवरून शेजारच्या बंद बर्नरवर सरकवा. दोन बर्नर घ्या म्हणालो ते याचसाठी. वांगं आणि मक्याचं कणीस मात्र थेट आचेवर.

चरबीचा ट्रे दर वेळी धुवा. चरबी पेटलीच तर पाणी ओतू नका, जळतं तेल उडतं. नॉब बंद, झाकण बंद. आग थोडीशीच असेल तर मूठभर मीठ टाका. लहान मुलं दूर. सुती कपडे घाला, ओढणी खोचून घ्या.

काम झालं की आधी रेग्युलेटर बंद करायचा. नळीत उरलेला गॅस जळून जातो, ज्योत आपोआप विझते. मग नॉब. मग रेग्युलेटर काढून बाटल्याच्या तोंडावर ती दोरीला बांधलेली टोपी. दोरी कापून टोपी फेकून देणाऱ्यांनी आजच एजन्सीकडून नवी मागून घ्या.

आणखी एक गोष्ट. ग्रिल दोन-तीन महिने पडून राहिलं की बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मी एका नळीतून चमचाभर वाळलेली माती काढली होती. तोंड बुजलं की गॅस पुढे जात नाही, मागे वळतो आणि नॉबपाशी पेटतो. म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढाल तेव्हा बर्नर सोडवा, नळीतून बाटली धुण्याचा लांब ब्रश फिरवा, पलीकडून उजेड दिसतोय का बघा. साबणाचा फेसही पुन्हा लावा.

आणि वास आलाच, कुजक्या कोबीसारखा तो उग्र वास, तर नॉब बंद, रेग्युलेटर बंद. दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. पंखा नको, घंटी नको. दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची, शेजाऱ्यांना हाक मारून सांगायचं. फोन त्या जागेपासून लांब गेल्यावर लावायचा. गॅसगळतीचा नंबर 1906, दिवसरात्र चालू असतो. आग असेल तर 101. दोन्ही नंबर आता लिहून घ्या. पेन्सिल आणेपर्यंत मी थांबतो. एक, नऊ, शून्य, सहा. आणि एक, शून्य, एक.